आत येणारं पाणी, बाहेर जाणारं पाणी

डिशवॉशर घरी आला आणि पहिले अकरा दिवस त्याने एक चमचाही धुतला नाही. बटण दाबलं की आत पाणी पडल्याचा आवाज यायचा, तो येतच राहायचा, आणि पाचेक मिनिटांनी पुढच्या पट्टीवर नळाचं छोटं चित्र लुकलुकायला लागायचं. त्या चित्राचा अर्थ, पाणी मिळत नाहीये. पाणी पडतंय हे आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं, आणि मशीन म्हणत होतं पाणी नाही.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने मशीन बंद करून परत चालू केलं. दुसऱ्यांदा "बोर्ड गेला असेल, मागवायला लागेल" असं सांगून गेला. खोक्यातून काढून आठवडा न झालेल्या मशीनचा बोर्ड! आई म्हणाली, "देऊन टाक परत."

परत द्यायची माझी तयारी नव्हती, कारण ते माझ्याच हट्टाने आलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या सोसायटीने कामाला येणाऱ्या बायकांना गेट बंद केलं, तेव्हा आईने कित्येक आठवडे घरातली सगळी भांडी एकटीने घासली. तेव्हापासून तिच्या बोटांची कातडी सोलवटते, आणि डॉक्टरांनी साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही असं बजावलंय. भांड्यांच्या मावशी परत यायला लागल्या, पण आता त्यांचेही गुडघे कुरकुरतात. त्या आल्या नाहीत की आई मला न सांगता भांडी घासून ठेवते आणि मग रात्रभर हाताला मलम लावत बसते. म्हणून हे मशीन.

त्या अकरा रात्री मी फोनवर दोन गोष्टी वाचल्या. एक मशीनसोबतची पुस्तिका, आणि दुसरा या मशीनचा इतिहास. खरं सांगायचं तर इतिहास मी चिडून वाचायला घेतला होता. हे यंत्र आजवर कोणाच्या तरी घरी धड चाललंय का, एवढंच मला बघायचं होतं. उत्तर मिळालं ते असं, की साठ-सत्तर वर्षं फारसं कोणाच्याच घरी चाललं नाही. आणि त्यात दोष बहुतेक वेळा मशीनचा नव्हता.

भांडी धुणाऱ्या यंत्राचं एक पेटंट १८५० साली अमेरिकेत जोएल हॉटन नावाच्या माणसाने घेतलं होतं. लाकडी पेटी, हाताने फिरवायचं चाक, भांड्यांवर पाणी उडणार. पाणी उडायचं, भांडी मात्र स्वच्छ होत नसत. खरी गोष्ट सुरू होते ती इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या छोट्या गावात, जोसेफिन कॉक्रन या बाईच्या घरी.

जोसेफिनचा जन्म १८३९ चा. वडील इंजिनिअर, नवरा विल्यम कापडाचा व्यापारी आणि स्थानिक राजकारणातला माणूस. घर मोठं, जेवणावळी चालू, आणि ज्याचा तिला अभिमान होता तो घराण्यातला जुना चिनी मातीचा सेट. मोलकरणी तो धुवायच्या आणि त्याचे टवके उडायचे. मग काही दिवस तिने तो सेट स्वतः धुतला. तेही तिला असह्य झालं. कोणी भांडी धुणारं यंत्र शोधून काढत नसेल तर मीच काढते, असं तिने ठरवलं, अशी ही गोष्ट सांगतात.

मला या गोष्टीतली एक बाब आधी खटकली आणि नंतर आवडली. डिशवॉशरचा जन्म बायकांचे कष्ट वाचवायला झाला असं आपल्याला वाटतं, जाहिरातीही तसंच सांगतात. पण सुरुवात झाली ती बशा वाचवायला. ज्यांच्या हातून टवके उडाले त्या बायकांना गोष्टीत नावंसुद्धा नाहीत.

आणि मग १८८३ साली विल्यम वारला. मागे राहिली थोडी रोकड आणि त्याचं कर्ज. चव्वेचाळीस वर्षांच्या जोसेफिनसाठी तोवर जी हौस होती, ती आता पोटाची सोय झाली. घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये तिने काम सुरू केलं. मदतीला जॉर्ज बटर्स नावाचा रेल्वेतला मेकॅनिक. तिने आधी ताटल्या, कप, बशा मोजल्या. प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे वाकवले. ते कप्पे एका आडव्या चाकावर बसवले, चाक तांब्याच्या पिंपात ठेवलं, आणि चाक फिरत असताना खालून गरम साबणाच्या पाण्याचे फवारे सोडले. आधीच्या लोकांनी ब्रश आणि घासण्या लावून पाहिल्या होत्या. हिने घासायचं सोडलं आणि पाण्याच्या दाबावर भिस्त ठेवली. भांडं जागेवर पक्कं धरायचं आणि पाण्याने मारायचं. आज माझ्या ओट्याखाली उभा आहे त्या मशीनचंही तत्त्व हेच. फरक इतकाच, की आता भांडी स्थिर असतात आणि फवारा फिरतो.

२८ डिसेंबर १८८६ ला तिला पेटंट मिळालं, क्रमांक ३,५५,१३९. (त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. त्या समारंभाला गेलेल्या पंडिता रमाबाई हे पेटंट निघालं तेव्हा अमेरिकेतच होत्या. या दोघींची आणि जोसेफिनची गाठ पडायचं काही कारण नव्हतं, पण हे एकाच वर्षात घडलं हे मला उगीचच बरं वाटतं.)

तिची एक तक्रार मी वाचली आणि रात्री एक वाजता एकटीच हसले. ती म्हणायची, की आधी स्वतःच्या पद्धतीने करून फसल्याशिवाय पुरुष कारागीर माझ्या पद्धतीने करायला तयारच होत नाहीत. मला बोर्ड मागवणारा माणूस आठवला.

यंत्र विकायला ती शिकागोच्या हॉटेलांत गेली. पामर हाऊस या मोठ्या हॉटेलने घेतलं. मग शर्मन हाऊस. नवरा किंवा वडील सोबत नसताना ती तोवर कधी कुठे गेलेली नव्हती. त्या हॉटेलचा दिवाणखाना एकटीने ओलांडणं हे सगळ्यात अवघड काम होतं, तो मैलभर रुंद वाटला, असं तिने पुढे सांगितलं. पलीकडे पोचल्यावर तिला आठशे डॉलरची ऑर्डर मिळाली. १८९३ साली शिकागोत भलंमोठं जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते आठवतं त्याच्या जोडीने झालेल्या धर्मपरिषदेमुळे आणि विवेकानंदांमुळे. त्या प्रदर्शनातल्या खानावळींत जोसेफिनची नऊ यंत्रं भांडी धूत होती, आणि तिला उत्तम बांधणीचं बक्षीसही मिळालं.

हॉटेलांनी घेतलं, पुढे इस्पितळांनी आणि कॉलेजांनी घेतलं. घरांनी नाही घेतलं. आणि तिला हवी होती ती घरं.

का नाही घेतलं? किंमत हे एक कारण. स्वयंपाकघरासाठी पाऊणशे-शंभर डॉलरची वस्तू घ्यायची म्हटलं की बाई तेवढ्या पैशांत दुसरं काय काय होईल याचा हिशोब करायला लागते, असं जोसेफिनचंच निरीक्षण होतं. (आमच्या घरी हा हिशोब आईने कॅलेंडरच्या मागे पेनाने केला होता. त्यात गॅसगीझर आणि अष्टविनायक होते.) पण घेतलं असतं तरी चाललं नसतं, कारण घर तयार नव्हतं. त्या काळी घराघरांत पाणी तापवायची जी सोय होती ती एवढ्या फवाऱ्यांना पुरण्यासारखी नव्हती. बऱ्याच ठिकाणी नळच नव्हता. जिथे पाणी होतं तिथे ते जड होतं, साबणाचा फेस न होऊ देणारं. हॉटेलाच्या तळघरात बॉयलर असतो, वाफ असते, माणसं असतात. घरात फक्त यंत्र येऊन उभं राहतं. त्याच्या मागच्या भिंतीतून काय येतं आणि काय जातं यावर त्याचं सगळं अवलंबून.

हे वाचलं आणि मी पुस्तिकेचं शेवटून दुसरं पान उघडलं, जे आपण कोणीच वाचत नाही. जोडणीचं पान.

पाणी आत येण्याचा दाब किमान अर्धा बार हवा, असं त्यात होतं. दहा मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा दाब साधारण एक बार. आम्ही राहतो सर्वात वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यांवर नळ नुसता फोडल्यासारखा येतो, आमच्याकडे करंगळीएवढी धार, कारण गच्चीवरची टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम चार मीटर. मला वाटलं, सापडलं! बादलीत नळी सोडून घड्याळ लावलं. दहा लिटरची बादली भरायला साडेसहा मिनिटं. मग मशीनच्या मागची नळी पान्याने सोडवली तर तिच्या तोंडाशी तांदळाच्या चाळणीपेक्षा बारीक अशी एक जाळी, आणि तिच्यावर वाळू, गंज, पांढरा खर. टँकरची कृपा. ती जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केली, सांध्याला नवी टेफ्लॉन टेप गुंडाळली, परत बसवली. बादली चार मिनिटांत भरली. दाब कमी होता तो होताच, पण नुसती चाळण साफ केल्यावर धार निम्म्याहून जास्त वाढली.

मोठ्या अभिमानाने बटण दाबलं. पाण्याचा आवाज आला, येत राहिला, आणि पाच मिनिटांनी नळाचं चित्र लुकलुकलं.

मावशी तेव्हा ड्राय बाल्कनीत बसून कढई घासत होत्या. गेले अकरा दिवस हे मशीन बंद पडतंय याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मी धरलेलं नव्हतं, आणि त्यांनीही तसं दाखवलं नव्हतं. त्यांनी मान वर न करता हाक मारली. "ताई, ते पाणी आत जातंय तसंच इकडं येतंय बघा."

मी गेले. मशीनची निचऱ्याची नळी त्या माणसाने ड्राय बाल्कनीतल्या जाळीवर नुसती टाकून ठेवली होती. बाल्कनी स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा चार बोटं खाली. त्या नळीतून बारीक, संथ, न थांबणारी धार जाळीत पडत होती. मशीनने एक थेंब धुवायच्या आत पाणी बाहेर चाललं होतं.

गाडीच्या टाकीतून पेट्रोल काढताना नळी तोंडाने एकदा ओढतात आणि खाली सोडतात, मग ते आपोआप वाहत राहतं, तसंच. मशीन सुरू झाल्यावर आधी आतलं उरलंसुरलं पाणी पंपाने बाहेर फेकतं. नळी त्या पाण्याने भरते. आणि नळीचं तोंड मशीनच्या तळापेक्षा खाली असेल, तर पंप थांबला तरी पाणी ओढलं जात राहतं. वरून बारीक धार येतेय, खालून तशीच जातेय, तळात पाणी साठतच नाही. मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याच्या हिशोबाने पाणी खरंच नव्हतं.

उपाय पुस्तिकेत एका चित्रात होता. नळी तळापासून किमान चाळीस सेंटिमीटर वर चढवून मग खाली आणायची. मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस रुपयांच्या दोन क्लिपा आणल्या, नळी कमरेएवढी उंच भिंतीला अडकवली, तिचं तोंड वॉशिंग मशीनच्या उभ्या पाइपात सैल सोडलं. सैल महत्त्वाचं, हवा जायला जागा हवी. बटण दाबलं. पाणी पडल्याचा आवाज आला, थांबला, आणि आत काहीतरी घोंगावायला लागलं. आई देवघरातून उठून आली. आम्ही तिघी जणी ओट्यासमोर उभ्या राहून बंद दाराकडे बघत होतो, जणू आत टीव्ही आहे.

पण गोष्ट तिथे संपली नाही. भांडी स्वच्छ निघाली, ग्लास मात्र असे, की ताक पिऊन नुसते विसळून ठेवलेत. पांढरट, धुरकट. आई म्हणाली, "यापेक्षा मी बरे घासते." तिचं बरोबर होतं.

पुढचा धडा पुन्हा इतिहासातलाच. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाचा फेस होत नाही हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्याच्याशी चिकटून त्याची साय होते आणि ती भांड्यावर बसते. जोसेफिनच्या काळातही हीच अडचण होती. ती १९१३ साली वारली. तिची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट कंपनीने घेतली, आणि तिच्या आराखड्यावर बेतलेलं किचनएडचं घरगुती मशीन आलं ते १९४९ साली, म्हणजे ती गेल्यावर छत्तीस वर्षांनी. मध्यंतरी युरोपातही खटपटी चालल्या होत्या. इंग्लंडमध्ये १९२४ साली विल्यम हॉवर्ड लिव्हन्स याने समोरून दार उघडणारं, आत फिरता फवारा असलेलं छोटं मशीन केलं. पहिल्या महायुद्धात शत्रूवर विषारी वायूचे डबे फेकणारी तोफ यानेच बनवली होती. भांड्यांच्या इतिहासात असाही माणूस भेटतो.

पण मशीनला घरात आणलं ते तोफवाल्याने नाही, पावडरीने. १९३३ च्या सुमाराला पिट्सबर्गमध्ये कॅल्गॉन नावाचं एक फॉस्फेट बाजारात आलं. पाण्यातल्या कॅल्शियमला ते धरून ठेवायचं आणि साय होऊ द्यायचं नाही. पुढे फॉस्फेट असलेल्या, फेस न होणाऱ्या खास पावडरी आल्या, त्यातली कॅस्केड १९५५ ची. तोवर अमेरिकन घरांत गरम पाण्याचे गीझरही आले होते. तेव्हा कुठे मशीन चालायला लागलं. मग नद्या-तळ्यांत गेलेल्या त्या फॉस्फेटने शेवाळ माजवलं. २०१० साली अमेरिकेच्या सोळा राज्यांत आणि २०१७ पासून युरोपीय संघात त्याच्यावर कडक मर्यादा आली. आणि लोक पुन्हा ग्लास धुरकट निघतात म्हणून ओरडायला लागले.

म्हणून माझ्या मशीनच्या तळाशी मिठाचं बुधलं आहे. आत राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे घेतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना धुऊन मोकळं करतं. हे मीठ भाजीत टाकायचं नव्हे. खायच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घातलेलं असतं ते इथे चालत नाही. मी मीठ घातलं होतंच, पण पाणी किती जड आहे ते मशीनला सांगितलंच नव्हतं. ते कारखान्यातल्या मधल्या आकड्यावर होतं. सोबत आलेली कागदाची पट्टी पाण्यात बुडवली, ती जवळजवळ पूर्ण लाल झाली. आकडा सर्वात वरचा केला. दोन दिवसांनी ग्लास लख्ख.

राहिला होता तो हिशोब मला टाळायचा होता. मावशींना आमच्याकडे महिन्याला तीन हजार मिळतात, त्यातले बाराशे भांड्यांचे. मशीनचा हप्ता ठरवताना मी ते बाराशे मनातल्या मनात वजा केले होते. कोणाला बोलले नव्हते. मशीन चालू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनीच विचारलं. "वहिनी, भांड्याचे कापणार का?"

मावशींच्या सासूबाई १९८० च्या संपात होत्या. त्या वर्षी पुण्यातल्या मोलकरणींनी काम थांबवलं होतं. पगारवाढ पाहिजे, हक्काची सुट्टी पाहिजे. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला पुढे २००८ उजाडलं. सासूबाईंचं एक वाक्य मावशी नेहमी सांगतात, की मालकिणीला काय परवडतं ते तिने बघावं, आपण आपलं काम मोजावं. मी हे इतकी वर्षं ऐकत होते आणि कधी त्याचा अर्थ लावला नव्हता.

आई म्हणाली, "तूच सांग, काय करायचं."

मावशींनी बोटांवर मोजलं. लोखंडी तवा आणि कढई मशीनमध्ये जात नाही, गंजते. पितळेचं जात नाही. ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो. लाकडी पोळपाट-लाटणं नाही. म्हणजे ते हातानेच. मशीनमध्ये भांडी लावायची कोणी? वहिनी वाकत नाहीत, ताई आठला बाहेर पडतात. खरकटं काढून, कपाची तोंडं खाली करून, चमचे एकात एक न बसवता लावायला वेळ लागतो. सकाळी काढून फडताळात ठेवायचं ते वेगळं. "आणि ती नळी मी पाहिली नसती तर मशीन गेलं असतं दुकानात," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. हसल्या की नाही ते कळलं नाही.

बाराशे तसेच राहिले. वर महिन्यातून दोन रविवारी सुट्टी. ती मावशींनी मागितली, आणि देताना मला जरा जड गेलं, हेही लिहून ठेवते. मावशींचं नाव इथे घालू का विचारलं होतं. "नको," म्हणाल्या, "बाकीच्या तीन घरच्या वाचतील आणि सुट्ट्या मोजतील."

आमची ताटं चित्रातल्या ताटल्यांपेक्षा मोठी आहेत, पुस्तिकेप्रमाणे लावली की फवाऱ्याचा हात अडतो. मावशी ती खालच्या जाळीत तिरकी, एकाआड एक लावतात आणि वाट्या मधल्या फटींत पालथ्या. मी लावलं की एखादी वाटी उपडीची उलथी होऊन पाण्याने भरून निघते. परवा मी मीटिंगमध्ये होते, आणि त्यांनी दारातून हात हलवून सांगितलं, "ताई, मीठ संपलंय." कुठलं, ते मला विचारावं लागलं नाही.